वर्डप्रेसचं आपोआप फॉरमॅटिंग: कुठं राहू द्यायचं आणि कुठं थांबवायचं, माझा रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येतो. वर्डप्रेसमध्ये, म्हणजे ब्लॉग आणि वेबसाईट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पोस्ट लिहिली की तुमच्या मजकुराला दोन वेगवेगळ्या ठिकाणी हात लागतो. एक म्हणजे एडिटर, तो सेव्ह करतानाच एचटीएमएल (पान ज्या खुणांच्या भाषेत लिहिलेलं असतं ती, त्यातली एकेक खूण म्हणजे टॅग) बदलतो आणि तो बदल डेटाबेसमध्ये कायमचा जाऊन बसतो. दुसरे म्हणजे दाखवतानाचे फिल्टर, ते डेटाबेसमधल्या मजकुराला अजिबात धक्का लावत नाहीत, फक्त वाचणाऱ्याच्या ब्राउझरला पान पाठवताना त्यात पॅराग्राफचे टॅग, वळणदार अवतरणचिन्हं, लांब डॅश वगैरे घालून पाठवतात. हे दोन वेगळे आहेत एवढं ज्याला कळलं त्याला हे सॉफ्टवेअर लई आवडतं, आणि ज्याला कळत नाही तो रोज चिडतो, आणि चिडून कुठलं तरी प्लगिन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकतो आणि मग अजून गोंधळ होतो. माझ्याकडून पाचपैकी चार. तो एक मार्क कशाचा कापला ते शेवटी सांगतो.

मी सोलापुरात चादरी-टॉवेलच्या काही दुकानांचे ब्लॉग सांभाळतो, बचत गटाच्या एका ताईंचा शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा ब्लॉग आहे तोही बघतो, आणि घरचा म्हणजे आमच्या मामांचा ब्लॉग. मामा निवृत्त शिक्षक आहेत, सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं आणि त्यांचा मराठी अर्थ लिहितात. म्हणजे एकीकडे साईज आणि भावाची टेबलं, एकीकडे रेसिपी, एकीकडे ओळी जशा पाडल्या तशाच राहायला पाहिजेत असा मजकूर, आणि फॉरमॅटिंग नीट आहे का नाही हे तपासायला यापेक्षा चांगली परीक्षा मला तरी सुचत नाही.

आधी त्या पॅराग्राफवाल्या फिल्टरबद्दल, कारण सगळ्यात जास्त बोंब त्याच्याच नावानं असते. त्याचं नाव डब्ल्यूपी-ऑटोपी. काम एकदम साधं आहे: मध्ये एक ओळ मोकळी सोडली की तिथं नवीन पॅराग्राफ, म्हणजे पी टॅग, आणि नुसतं एकदा एंटर मारलं की तिथं बीआर टॅग. वर्डप्रेस २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माईक लिटल यांनी बी-टू नावाच्या जुन्या ब्लॉगिंग सॉफ्टवेअरवरून तयार केलं, तेव्हा आजच्यासारखे ब्लॉक (पॅराग्राफ, फोटो, टेबल यांचे सुटे तुकडे) वगैरे काही नव्हते, लोक साध्या चौकटीत टाइप करायचे, आणि प्रत्येक पॅराग्राफला हातानं टॅग लावत बसायचं म्हणलं तर निम्मी माणसं पहिल्याच पोस्टला थकली असती. त्यामुळं या फिल्टरला शिव्या घालणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की ज्या माणसाला एचटीएमएल म्हणजे काय ते माहितच नाही त्याच्या हातून नीटनेटकं पान तयार होतं ते याच्यामुळं. दुकानात बसून गिऱ्हाईक करत करत चार ओळी टाइप करणाऱ्या माणसाकडून टॅगची अपेक्षा करायची का? नाहीच करायची.

अडचण कधी येते, तर तुम्ही स्वतः एचटीएमएल लिहायला लागता तेव्हा. तुम्ही डिव्ह (पानाचा एक भाग बांधणारा टॅग) लिहिला, त्यात एक लिंक, लिंकच्या आत परत डिव्ह, वाचायला सोपं पडावं म्हणून मध्ये ओळी मोकळ्या सोडल्या, आणि फिल्टरला वाटतं की ह्या मोकळ्या ओळी म्हणजे पॅराग्राफ. मग रिकामे पी टॅग तयार होतात आणि पानावर मधेच न मागितलेली जागा सुटते. शॉर्टकोडच्या (चौकोनी कंसातली छोटी खूण, जिच्या जागी फॉर्म, गॅलरी असलं काही येतं) आजूबाजूलाही हे होतं. शॉर्टकोड एकटाच एका ओळीवर असला तर त्याच्याभोवतीचा पी टॅग काढून टाकणारं एक फंक्शन वर्डप्रेसमध्ये आधीच आहे, पण दोन शॉर्टकोडच्या मध्ये मजकूर असला की ते पुरत नाही. क्लासिक पद्धतीनं, म्हणजे ब्लॉक येण्याआधीच्या जुन्या एडिटरमध्ये, लिहिणाऱ्यांसाठी यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे स्वतः लिहिलेल्या एचटीएमएलमध्ये मोकळ्या ओळी सोडूच नका, टॅगला टॅग चिकटवून लिहा. दिसायला गिचमिड दिसतं, पण फिल्टरला धरायला काही उरत नाही. आणि प्री टॅगच्या (आतला मजकूर जसाच्या तसा दाखवणारा टॅग) आतल्या ओळींना तो हात लावत नाही; स्क्रिप्ट आणि स्टाईल टॅगच्या आत एकेका ओळीला बीआर लावत नाही, पण तिथंही मोकळी ओळ सोडू नका.

आता चादरीच्या साईजचं बघा, कारण हे प्रकरण मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं आणि याच्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. डब्ल्यूपी-टेक्स्चराईज नावाचा दुसरा फिल्टर आहे. हा टायपोग्राफी सुधारतो: सरळ अवतरणचिन्हं वळणदार करतो, तीन टिंबांचं एक अखंड चिन्ह करतो, दोन-तीन डॅश सलग दिले की लांब डॅश छापतो, आणि दोन इंग्रजी आकड्यांच्या मध्ये चिकटून एक्स अक्षर आलं की त्याचं गुणाकाराचं चिन्ह करून टाकतो. चादरवाल्याच्या पोस्टमध्ये दुसरं असतंय काय हो! साठ एक्स नव्वद इंच, तीस एक्स साठ, सगळी यादी त्याचीच. दिसायला गुणाकाराचं चिन्ह खरंच देखणं दिसतं, छापील कॅटलॉगसारखं, ते मी मान्य करतो. पण गिऱ्हाईक पानावरून साईज कॉपी करून व्हॉट्सॅपवर पाठवतं, दुकानातला पोरगा तेच उचलून एक्सेलच्या स्टॉक शीटमध्ये सर्च मारतो, शीटमध्ये साधा एक्स टाइप केलेला असतो, आणि जुळत नाही. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं त्यामुळं नेमकं काय चुकतंय हे कळत सुद्धा नाही, माल समोर रॅकवर आणि शीट म्हणतंय सापडत नाही. शिवाय आकड्यानंतर इंचासाठी जे दुहेरी चिन्ह देतो तेही हा बदलून छापतो.

याला तीन उपाय आहेत, सोप्यापासून सांगतो. पहिला, आकडा आणि एक्स यांच्या मध्ये स्पेस सोडा, बस्स. फिल्टर फक्त चिकटून आलेलं धरतो, स्पेस असली की सोडून देतो. मी सगळ्या दुकानांना हेच सांगून ठेवलंय, साईज लिहिताना दोन्ही बाजूला स्पेस, आणि एक्सेलमध्ये पण तसंच. दुसरा, एचटीएमएल जमत असेल तर एक्सच्या जागी त्याचा अंकातला कोड द्यायचा, म्हणजे अँपरसँड, हॅश, इंग्रजी आकड्यात १२० आणि सेमिकोलन, वाचणाऱ्याला एक्सच दिसतो पण फिल्टरला तो एक्स वाटत नाही. तिसरा, हा फिल्टर पूर्ण साईटवर बंद करायचा, त्यासाठी रन-डब्ल्यूपी-टेक्स्चराईज नावाचं हूक (आपला कोड अडकवायची जागा) आहे, त्याला खोटं म्हणजे फॉल्स परत करायला सांगायचं, एका ओळीचा कोड आहे. दुकानाच्या साईटवर मी हा बंदच ठेवतो. मामांच्या ब्लॉगवर चालू ठेवतो कारण तिथं वळणदार अवतरणचिन्हं शोभून दिसतात.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या, ब्लॉक एडिटर वापरला म्हणून टेक्स्चराईज सुटत नाही. ऑटोपी सुटतो, हा नाही. कस्टम एचटीएमएल ब्लॉकमध्ये हातानं लिहिलेल्या टेबलाच्या आत पण हा शिरतो. कोड टॅग, प्री टॅग, केबीडी टॅग यांच्या आत मात्र जात नाही. म्हणून कोणी कमांड किंवा कूपन कोड लिहीत असेल तर तो कोड टॅगमध्येच टाकावा, नाहीतर वाचणारा वळणदार चिन्हासकट कॉपी करतो आणि मग चालत नाही म्हणून फोन करतो.

क्लासिक एडिटरबद्दल माझं मत थोडं कडक आहे. त्यात वर दोन टॅब असतात, व्हिज्युअल आणि टेक्स्ट. नुसत्या व्हिज्युअलमध्ये लिहिणाऱ्याला काही त्रास नाही, नुसत्या टेक्स्टमध्ये लिहिणाऱ्यालाही नाही. सगळा त्रास एका टॅबवरून दुसऱ्या टॅबवर उड्या मारण्यात आहे, कारण व्हिज्युअलमध्ये टायनी-एमसीई नावाचा एडिटर बसलेला आहे आणि तो तुमचं एचटीएमएल स्वतःच्या समजुतीनं साफ करतो. आयकॉन दाखवायला लोक रिकामा आय टॅग वापरतात, फक्त क्लास दिलेला, आत काही नाही. व्हिज्युअल टॅब उघडला की तो रिकामा टॅग त्याला कचरा वाटतो आणि तो काढून टाकतो, आणि तुम्ही तसंच सेव्ह केलं की गेला तो डेटाबेसमधून. टेक्स्टवर परत आलात तर पी टॅग पण दिसत नाहीत, त्यांच्या जागी मोकळ्या ओळी. सुरुवातीला मी जे म्हणलं ना, सेव्ह करतानाचा बदल आणि दाखवतानाचा बदल, त्यातला हा पहिला प्रकार, आणि हाच जास्त धोक्याचा, कारण फिल्टर बंद करून तो परत येत नाही. गेलेलं परत पाहिजे असेल तर रिव्हिजनमध्ये जाऊन जुनी प्रत आणावी लागते, आणि रिव्हिजन वर्डप्रेस आपणहून ठेवतं ही त्याची फार मोठी कमाई आहे.

ज्याला क्लासिकच पाहिजे त्यानं दोन गोष्टी कराव्यात. हातानं एचटीएमएल लिहिणाऱ्या युजरच्या प्रोफाईलमध्ये व्हिज्युअल एडिटर बंद करायची टिक आहे, ती मारून टाकावी, म्हणजे चुकून सुद्धा तो टॅब उघडत नाही. आणि दोन्ही टॅब लागतच असतील तर ॲडव्हान्स्ड एडिटर टूल्स नावाचं प्लगिन आहे, पूर्वी टायनी-एमसीई ॲडव्हान्स्ड म्हणायचे ते, त्यात पॅराग्राफचे टॅग तसेच ठेवा असा पर्याय आहे, तो चालू केला की टेक्स्ट टॅबमध्ये पी टॅग डोळ्यासमोर राहतात. मला हे प्लगिन आवडतं कारण ते काही लपवत नाही.

ब्लॉक एडिटर, म्हणजे गुटेनबर्ग, वर्डप्रेस ५.० बरोबर ६ डिसेंबर २०१८ ला आला. तो आला तेव्हा लई लोकांनी नाकं मुरडली, अजूनही मुरडतात, पण फॉरमॅटिंग आपल्या ताब्यात ठेवायचं या एका मुद्द्यावर तो क्लासिकपेक्षा खूप पुढं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कारण पोस्टमध्ये ब्लॉक सापडले की वर्डप्रेस ऑटोपी चालवतच नाही. प्रत्येक ब्लॉकचं एचटीएमएल ब्लॉकसोबतच सेव्ह होतं, जे सेव्ह झालं तेच दिसतं, मागून कोणी टॅग घुसवत नाही. (शॉर्टकोडचा ब्लॉक याला अपवाद, त्याला पॅराग्राफ लावले जातात, तिथं लक्ष ठेवा.) स्वतःचं एचटीएमएल टाकायचं तर कस्टम एचटीएमएल ब्लॉक घ्यायचा, त्यात मोकळ्या ओळी सोडा, डिव्हमध्ये डिव्ह घाला, काही होत नाही. पूर्ण पोस्टचं एचटीएमएल बघायचं तर कंट्रोल, शिफ्ट, आल्ट आणि एम एकदम दाबा, कोड एडिटर उघडतो. तिथं तुम्ही हातानं काही बदललं आणि ब्लॉकच्या अपेक्षेत बसलं नाही तर तो ब्लॉक अवैध आहे असं सांगतो आणि दुरुस्त करू का, एचटीएमएल ब्लॉक करू का असं विचारतो. हे विचारणं मला फार महत्त्वाचं वाटतं. न सांगता पुसून टाकण्यापेक्षा विचारलेलं कधीही बरं.

मामांचं उदाहरण इथंच सांगतो. मामा कन्नड वचनाची एक ओळ टाइप करून एंटर मारायचे, परत ओळ, परत एंटर. ब्लॉक एडिटरमध्ये एंटर म्हणजे नवा पॅराग्राफ ब्लॉक, त्यामुळं प्रत्येक ओळीच्या मध्ये हे एवढं अंतर. मामांनी फोन केला, "अरे, ओळी मी बरोबर पाडल्यात की, मग एवढी मोकळी जागा कशाला सोडतंय बे हे?" त्यांना म्हणलं मामा, शिफ्ट दाबून एंटर मारा, मग नुसती ओळ मोडते, पॅराग्राफ होत नाही. जमलं. पण वचनाच्या शेवटच्या ओळीला, जिथं कपिलसिद्धमल्लिकार्जुन असं अंकित (वचनकाराची ओळखीची खूण) येतं, तिथं त्यांना थोडं आत सरकवून लिहायचं होतं, आणि पॅराग्राफमध्ये कितीही स्पेस मारल्या तरी ब्राउझर एकच दाखवतो. त्यासाठी व्हर्स नावाचा ब्लॉक आहे, तो खास कवितेसाठीच, त्यात ओळी आणि स्पेस जशा दिल्या तशाच राहतात. आतून तो प्री टॅगच असतो म्हणून टेक्स्चराईज पण त्याला हात लावत नाही. मामांना हा ब्लॉक एवढा आवडला की आता मराठी अर्थ पण त्यातच लिहायला लागलेत, तो मात्र त्यात लिहू नये, कारण त्या ब्लॉकचं काम ओळी जपायचं आहे, लांबलचक गद्यासाठी साधा पॅराग्राफच बरा.

इथं एक जण विचारेल की प्रीफॉरमॅटेड ब्लॉक का नाही. तोही ओळी जपतो, पण बऱ्याच थीममध्ये (थीम म्हणजे साईटच्या रूपाचा साचा) त्याला टाइपरायटरसारखा एका मापाचा फॉन्ट लावलेला असतो, आणि तसल्या फॉन्टमध्ये देवनागरी किंवा कन्नड अक्षरं बहुतेक नसतातच, मग ब्राउझर दुसऱ्याच कुठल्या तरी फॉन्टमधून अक्षरं आणतो आणि पान भलतंच दिसायला लागतं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे कधी जाणवणार नाही. आपल्या लिपीत लिहिणाऱ्यांनी व्हर्सच घ्यावा.

टाइप करता करता होणारं फॉरमॅटिंग हा आणखी एक प्रकार. ब्लॉक एडिटरमध्ये ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी एक, टिंब आणि स्पेस दिली की आपोआप क्रमांकाची लिस्ट तयार होते, डॅश आणि स्पेस दिली की ठिपक्यांची लिस्ट, दोन हॅश आणि स्पेस दिली की हेडिंग, मोठा-पेक्षा चिन्ह दिलं की अवतरण. बचत गटाच्या ताई शेंगा चटणीची कृती टाकताना मोबाईलच्या इंग्रजी आकड्यात लिहीत होत्या, तेव्हा लिस्ट होऊन जायची आणि त्यांना ती नकोच असायची, कारण त्यांना दोन पायऱ्यांच्या मध्ये फोटो टाकायचे असतात, शेंगा कितपत भाजायच्या, उखळात लसूण-तिखटासोबत कुटल्यावर तेल सुटलेलं कसं दिसतं, हे सगळं. फोटो मध्ये आला की लिस्ट तुटते आणि पुढचा आकडा परत एकपासून. उपाय साधा: लिस्ट झाली रे झाली की लगेच बॅकस्पेस दाबा, बदल मागं जातो आणि तुम्ही टाइप केलेलं तसंच राहतं. आणि गंमत म्हणजे देवनागरी १ टाइप केला तर एडिटर त्याला ओळखतच नाही, लिस्ट होत नाही. ताईंना मी मराठी कीबोर्डवरच आकडे टाका असं सांगितलं आणि प्रश्न मिटला. पण हा खरं तर उणेपणाच आहे. ज्याला लिस्ट पाहिजे आहे अशा मराठी माणसानं देवनागरी आकडा टाकला तर ती व्हायलाच पाहिजे. लिस्ट करून तिचे आकडे देवनागरीत दाखवायचे असतील तर सीएसएसमध्ये (पानाच्या दिसण्याचे नियम लिहायची भाषा) लिस्ट-स्टाईल-टाईप या प्रॉपर्टीला देवनागरी अशी व्हॅल्यू द्यायची, ब्राउझर ते व्यवस्थित दाखवतात.

पेस्ट करण्याबद्दल दोन शब्द तरी लिहायलाच पाहिजेत. वर्डमधून थेट कॉपी-पेस्ट केलं की फॉन्टचं नाव, साईज, रंग असला सगळा पसारा स्पॅन टॅगमधून आत यायला बघतो. ब्लॉक एडिटर त्यातला बराचसा झाडून काढतो, क्लासिकमध्ये मजकूर म्हणून पेस्ट करा असं एक बटण आहे, आणि कुठंही चालणारी सवय म्हणजे कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही. प्रेसमधून आलेली जुनी मराठी फाईल, श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, ती मात्र अशी पेस्ट केली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात, तो फॉरमॅटिंगचा प्रश्नच नाही, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. व्हॉट्सॅपचा मजकूर असेल तर अजून वेगळं, व्हॉट्सॅपवर ठळक करायला आपण शब्दाच्या दोन्ही बाजूला एकेक स्टार देतो, आणि ब्लॉक एडिटर पेस्ट केलेला साधा मजकूर मार्कडाऊन (साध्या चिन्हांनी फॉरमॅटिंग लिहायची पद्धत) म्हणून वाचतो, त्यात एक स्टार म्हणजे तिरकं अक्षर. म्हणजे ठळक पाहिजे होतं ते तिरकं होऊन येतं, आणि देवनागरी तिरकी केली की डोळ्याला अजिबात बरी वाटत नाही. दुकानाच्या ऑफरचे मेसेज ब्लॉगवर टाकताना आधी स्टार काढून घ्यायचे हे ठरवून टाका.

आता ज्याच्यासाठी मी मुख्यतः हे लिहायला बसलो ते. इंटरनेटवर कुठंही विचारा, ऑटोपी बंद कसा करायचा, तर पहिलं उत्तर एकच मिळतं: थीमच्या फंक्शन्स फाईलमध्ये फिल्टर काढून टाकायची एक ओळ टाका. ओळ बरोबर आहे, काम पण करते. पण जुना ब्लॉग असेल तर कृपा करून हे करू नका. इथल्याच एका दुकानाच्या साईटवर कोणी तरी डिझायनरनं ती ओळ टाकली, नवीन लँडिंग पेज एकदम मस्त दिसायला लागलं, आणि २०१८ च्या आधीच्या सगळ्या पोस्ट, गड्ड्याच्या यात्रेची माहिती, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं वर्णन, चादर धुवायची पद्धत, सगळ्यांचे पॅराग्राफ गायब होऊन एकेका पोस्टचा एकच अखंड ठोकळा झाला. कारण त्या पोस्टमध्ये डेटाबेसला पी टॅग कधी नव्हतेच, नुसत्या मोकळ्या ओळी होत्या, आणि त्या ओळींचे पॅराग्राफ करणारा फिल्टरच काढून टाकला. मालक घाबरले, सगळं लिहिलेलं गेलं म्हणून. काही गेलं नव्हतं. ती ओळ काढली, पोस्ट परत जशाच्या तशा. दाखवतानाचा बदल आणि साठवतानाचा बदल वेगळा असतो म्हणून मी एवढा कंठशोष करतो तो यासाठीच.

बंदच करायचं असेल तर जेवढ्यापुरतं लागतं तेवढ्यापुरतं करा. फक्त पेज या प्रकारासाठी बंद, पोस्टसाठी चालू, अशी अट त्या ओळीत घालता येते. किंवा टॉगल-डब्ल्यूपीऑटोपी सारखं प्लगिन टाका, ते प्रत्येक पोस्टच्या बाजूला एक टिक बॉक्स देतं, ज्या पोस्टला टिक मारली तिथंच फिल्टर बंद. असलं छोटं प्लगिन घेताना ते शेवटी कधी अपडेट झालं आणि तुमच्या आवृत्तीवर तपासलंय का ते बघून घ्या. आणि कोड टाकायचाच असेल तर चाईल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बसवलेली आपली वेगळी थीम) टाका, नाहीतर थीम अपडेट झाली की तुमची ओळ पुसली जाते. नवीन पोस्टसाठी तर मी म्हणेन काहीच बंद करू नका, ब्लॉक एडिटर आणि त्यात कस्टम एचटीएमएल ब्लॉक, झालं काम.

अजून एक, जे लोक फॉरमॅटिंगच्या खात्यात धरतात पण ते सुरक्षेचं आहे. दुकानातल्या पोराला ऑथर म्हणून लॉगिन दिलं, त्यानं नवी पेठेतल्या दुकानाचा गुगल मॅप टाकायला आयफ्रेम (दुसऱ्या साईटचा तुकडा पानात दाखवणारा टॅग) पेस्ट केला, सेव्ह केलं की आयफ्रेम गायब. हे ऑटोपी नाही. ऑथरच्या हातून आलेलं एचटीएमएल वर्डप्रेस गाळून घेतं, आयफ्रेम आणि स्क्रिप्ट काढून टाकतं. साध्या एका साईटच्या इन्स्टॉलवर ॲडमिन आणि एडिटर या दोन दर्जाच्या युजरना गाळण नसतं. त्यामुळं नकाशा मालकानं स्वतःच्या लॉगिनमधून टाकावा, पोराला ॲडमिन करून टाकायची काही गरज नाही. ही व्यवस्था मला पटते, ती तशीच राहावी.

बाकीच्यांशी तुलना थोडक्यात. ब्लॉगरवर कंपोझ आणि एचटीएमएल असे दोन व्ह्यू आहेत, फुकट आहे, पोस्टमध्ये स्क्रिप्ट पण टाकता येते, पण वर्डप्रेसमध्ये जसं एकेक फिल्टर निवडून काढता येतो तसं तिथं काही नाही, जे मिळतं ते घ्यायचं. मीडियमवर तर स्वतःचं एचटीएमएल लिहायचा प्रश्नच येत नाही, टेबल सुद्धा नाही, म्हणजे साईजची यादी द्यायची तर फोटो काढून टाका. चादरवाल्याला ते चालणार नाही. वर्डप्रेसमध्ये पण स्वतःच्या होस्टिंगवरचं घ्या, सॉफ्टवेअर फुकट आहे, पैसे होस्टिंग आणि डोमेनचे. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट प्लॅनवर प्लगिन टाकता येत नाही, त्यामुळं वर लिहिलेल्या उपायांपैकी निम्मे तिथं लागू पडत नाहीत.

आता तो कापलेला एक मार्क. ऑटोपी आणि टेक्स्चराईज दोन्ही बंद-चालू करायची सोय सेटिंग्जमध्ये कुठंच नाही, एक तर कोड लिहा नाहीतर प्लगिन शोधा. पूर्वी सेटिंग्जच्या रायटिंग पानावर फॉरमॅटिंग असा भाग होता, टाइप केलेल्या स्मायलींची चित्रं करायची का, टॅगचं चुकीचं नेस्टिंग (एकात एक बसवणं) दुरुस्त करायचं का, असल्या टिक बॉक्सचा. जुन्या साईटवर तो अजून दिसतो, नवीन इन्स्टॉलवर तो काढून टाकलाय. सोपं ठेवायचं म्हणून काढला असणार, पण त्या पानावर उलट दोन टिक वाढवायला पाहिजेत: एक टायपोग्राफीच्या बदलांसाठी, एक आकड्यांमधल्या एक्ससाठी वेगळी. कारण अवतरणचिन्हं वळणदार झालेली दुकानदाराला चालतात, साईज बदललेली चालत नाही, आणि आज हे दोन्ही एकाच फिल्टरला बांधलेलं आहे. एवढी सोय दिली आणि देवनागरी आकड्यावर लिस्ट चालू केली, की मी पाचव्या मार्कासाठी हा रिव्ह्यू त्याच दिवशी बदलतो.